जागेवरचा माल

१

रविवारी मी दुपारचं जेवण लवकर उरकून घ्यायची. भाकरी, वांग्याची भाजी, वर पेलाभर ताक, की झालं. एकट्या बाईच्या जेवणाला कितीसा वेळ लागतो? भांडी मोरीत टाकायची, इस्त्रीचं पातळ नेसायचं आणि रुपरावच्या रिक्षात बसून लकडगंज गाठायचं. आठवडाभर शिलाईच्या क्लासात मुलींना काजं-बटणं शिकवून डोकं उठलेलं असायचं. लोक रविवारी देवळात जातात, टॉकीजमध्ये जातात. मी लिलावात जायची.

लिलाव ताराचंदच्या जुन्या लाकडाच्या वखारीत भरायचा. सिव्हिल लाइन्समधले साहेब बदलून जात, रेल्वेतली अँग्लो-इंडियन कुटुंबं कायमची ऑस्ट्रेलियाला निघत, आणि कोळशाच्या खाणी सरकारनं घेतल्या त्या सुमारास तर कन्हानकडच्या मॅनेजरांचे बंगलेच्या बंगले रिकामे झाले. त्यांचं सगळं इथे यायचं. झुंबरं, पितळी फुलदाण्या, कोरीव चौकटीचे आरसे, लेसचे पडदे, काचेचे रंगीत दिवे. वस्तू टेबलावर ठेवली, ताराचंदनं घसा खाकरला की छातीत कशी धडधड होते, ते ज्यानं बोली लावली त्यालाच ठाऊक. घेण्यात मजा आहेच, पण विकण्यात त्याहून जास्त आहे. आपण कंटाळून दिलेल्या फुलदाणीसाठी दोन माणसं हट्टाला पेटलेली पाहायची, आणि त्यातून जे येईल त्यात पुढची वस्तू घ्यायची. घर माझं दोन खोल्यांचं, पण दर ऋतूला वेगळं दिसायचं.

आता घरंदाज बाईनं दुसऱ्याचं वापरलेलं सामान घ्यायचं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. म्हणून ताराचंदकडे बायकांची बाजू निराळी होती. मागच्या बोळातून आत यायचं. मोठमोठी कपाटं आडवी-उभी लावून खण पाडलेले, एका खणात एक बाई. फटीतून टेबल दिसायचं, शेजारीण दिसायची नाही. तिच्याकडे पाहायचं नाही, विचारायचं नाही, चुकून ओळखीची निघाली तर ओळख द्यायची नाही. बैलबाजारात व्यापारी रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात ना, तीच रीत इथे होती. वच्छला नावाची बाई हातावर रुमाल टाकून खणाखणातून फिरायची. आपण रुमालाखाली हात घालून तिची बोटं धरायची, धरू तितकी बोली चढायची. वच्छला मान वर करायची नाही. तिला आम्ही बायका तोंडानं माहीत नव्हतो, बोटांनी माहीत होतो.

माझ्या घरी कोणी येत नसे, हे सांगून टाकलेलं बरं. भाऊ जबलपूरला, त्याची बायको मला पाण्यात पाहते. खाली घरमालकीण इंदूबाई राहायची, तिच्याशी नळाच्या पाण्यावरून बिनसलं होतं आणि चूक तिचीच होती. कोणी येणार नाही हे पक्कं ठाऊक असताना घर सजवायचं हा वेडेपणा आहे, मान्य. पण नवा पडदा लावला की त्या दिवशी घरात कोणी पाहुणं आल्यासारखं वाटायचं. मला तेवढं पुरत होतं.

२

उन्हाळा लागला तेव्हा मी हिरव्या काचेचा टेबलाचा दिवा विकायला काढला. काढला आणि जीव हळहळला. तो लावला की खोलीत विहिरीच्या पाण्यासारखा उजेड पडायचा. पण गारव्यासाठी पाणी मारून लावायला मला खसच्या ताट्या घ्यायच्या होत्या, त्यामुळे दिला. पुरुषांकडून एक-दोन आवाज आले आणि विझले. मग बायकांच्या बाजूनं बोली चढायला लागली. वच्छला एकाच खणाकडे पुन्हा पुन्हा जात होती, अगदी शेवटच्या, खांबाजवळच्या. तो खण एरवी रिकामा असायचा. दिवा तिकडे गेला. मला उगाच बरं वाटलं, कोणाला तरी तो इतका हवा होता म्हणून.

पुढच्या रविवारी त्या खणातल्या बाईचा माल आला असं वच्छलानं माझ्या कानात सांगितलं. सांगायला नको होतं, पण तिलाही माझा चेहरा नाही तरी जीव कळत असेल. माल म्हणजे पडद्यांची जोडी. निळं सुती कापड, छान दाट शिलाई. ताराचंदनं दोन्ही पडदे उंच धरले आणि पुरुषांकडे हशा पिकला. एक पडदा दुसऱ्यापेक्षा चांगला वीतभर लांब होता. शिवणारीनं भांग घेतली असेल, असं कोणी म्हणालं. बोली कोणी लावली नाही. मी लावली.

कारण आमची भिंत खचलेली आहे. माझ्या खिडकीची चौकट डावीकडे खाली उतरलेली आहे, आणि बाजारातला कुठलाही पडदा तिथे एका बाजूनं तोकडा पडतो. मी स्वतः दर वेळी एक बाजू उसवून जोड देते. घरी येऊन ती निळी जोडी टांगली. दोन्ही पडदे खाली नेमके टेकले.

मी खूप वेळ खिडकीसमोर उभी होते. मग स्वतःलाच समजावलं की आमच्या इतवारीत निम्म्या घरांच्या भिंती खचलेल्या आहेत, एखाद्या बाईची खिडकी माझ्या खिडकीसारखी असली तर नवल कसलं. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. उलट मला हसू आलं. आपल्यासारखंच वाकडं घर घेऊन बसलेली कोणीतरी आहे या गावात, एवढाच विचार मनात होता.

३

त्यानंतर आमचं सुरू झालं. काय सुरू झालं, त्याला नाव नाही. मी काहीतरी विकायला ठेवायची, ते खांबाजवळच्या खणात जायचं. आठवड्यानं तिचं काहीतरी यायचं, ते मी घ्यायची. मी पितळी हंडी दिली, तिच्याकडून ती टांगायची साखळी आली. मी उशांचे अभ्रे दिले, तिच्याकडून पलंगपोस आला आणि तो माझ्या पलंगाला चारही बाजूंनी सारखा बसला. इतर बायका पैशासाठी नाहीतर हौसेसाठी यायच्या. आम्ही दोघी एकमेकींसाठी येत होतो. आठवडाभर क्लासात मशीन चालवताना माझ्या डोक्यात तेच असायचं, की या खेपेला ती काय पाठवेल.

मग मला खोडी काढायची हुक्की आली. माझ्याकडे काळ्या कापडावरचं एक भरतकाम होतं, भिंतीवर लावायचं, पोपटांची जोडी. एक पोपट मी पुरा केला होता. दुसऱ्याची नुसती रेघ आखली आणि कंटाळा आला, तेव्हापासून ते ट्रंकेत होतं. तसंच अर्धवट चौकटीत बसवून मी टेबलावर ठेवलं. पुरुषांनी पुन्हा दात काढले. ती बाई मात्र बोटं काही मागे घेईना.

पोपट परत आले तेव्हा दुसराही भरून झाला होता. तोच हिरवा, तीच चोचीची लाली. आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. माझं अर्धं राहिलेलं काम या जगात पहिल्यांदा कोणीतरी पुरं केलं होतं. घरी नेऊन मी ते दिव्याखाली धरलं आणि सवयीनं उलटं केलं. शिवणकाम करणारी बाई कापड नेहमी मागून पाहते.

मी डावखुरी आहे. माझा टाका उलट्या बाजूला कलतो. आई त्यासाठी हातावर फुटपट्टी मारायची, पण तो तसाच राहिला. दुसऱ्या पोपटाचा टाका पण तसाच कलला होता. आणि गाठ मारायच्या ऐवजी मी धागा दोनदा मागे ओवून सोडते, तसाच तो सोडलेला होता.

बरं, गावात डावखुऱ्या बायका काय कमी आहेत का? वच्छलाला मी हळूच विचारलं, ती खांबाजवळची बाई कशी आहे गं. वच्छला म्हणाली की तोंड तिनं पाहिलेलं नाही, पण बोट खरखरीत लागतं, सुया टोचून झालेलं असतं तसं. मग काय, माझ्यासारखीच शिवणारी. मी मनाशी ठरवूनच टाकलं की ही माझी मैत्रीण आहे. या वयात नवी मैत्रीण मिळते कोणाला? तिच्या घरी जायचं आणि तिनं माझ्या घरी यायचं, एवढंच आता बाकी होतं.

४

बायकांचं घेतलेलं सामान रुपरावच घरोघर पोचवायचा. पत्ता घडी केलेल्या चिठ्ठीत असे, वच्छला ती न उघडता त्याच्या हातात देई, तो सामान दारात ठेवून निघून जाई. नियम मोडायचा नव्हता, पण माझ्यानं राहवेना. एके दिवशी घरी येताना मी त्याला सहज विचारलं की त्या खांबाजवळच्या बाईचं घर कुठल्या मोहल्ल्यात आहे.

त्यानं पायडल थांबवलं आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"कोनती बाई? तुमचंच तं सामान नेऊन राहिलो मी. हिरवा दिवा, हंडी, पोपटायची चौकट, सारं तुमच्याच जिन्यावर ठेवलं. वरून तुम्हीच म्हनलं, ठेव गा तिथंच."

मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, तुले ऊन लागलं आहे, खिशात कांदा ठेवत जा. हिरवा दिवा मी विकलेला, तो माझ्या जिन्यावर कशाला येईल? त्यानं पुन्हा पायडल मारलं. नेहमी दारापर्यंत सोडायचा, त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी उतरवून गेला.

जिन्यावर काही नव्हतं. मी पायरी न् पायरी पाहिली, जिन्याखालची कोळशाची जागा पाहिली. खोल्यांत फक्त माझं होतं ते होतं. इतक्यात खालून इंदूबाईनं हाक मारली. नळाच्या भांडणानंतर ही बाई माझं नाव घेत नव्हती. आज दारात उभी राहून हसत होती. म्हणाली, परवाचं कैरीचं पन्हं फार झकास झालं होतं, भांडं घासून ठेवलं आहे, घेऊन जा.

मी पन्हं दिलेलं नव्हतं. भांडं मात्र माझंच होतं, बुडाला पोचा असलेलं.

"आजकाल दुपारी पडल्या पडल्या तुमच्या मशीनचा आवाज ऐकते मी," इंदूबाई म्हणाली. "बरं वाटते वं, वर कोनी असलं की."

दुपारी मी घरी नसते. दुपारी क्लास असतो, नाहीतर मी गांधीबागेतल्या कापड दुकानांत अस्तर जुळवत फिरत असते. हे तिला सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. ती इतक्या दिवसांनी हसली होती. वर येऊन मी मशीनवरचं झाकण काढलं. सुईत निळा दोरा होता. मी जाताना पांढरा ओवून गेले होते. निदान मला तसं आठवत होतं, पण निळा मी कधी ओवला नसेन अशी शपथ मी घेऊ शकत नव्हते.

त्या रात्री मी दाराला आतून पलंग लावला आणि सकाळी स्वतःवरच चिडले.

५

पुढचे काही रविवार मी लिलावाला गेले नाही. म्हटलं, खेळ पुरे झाला. इंदूबाईला वयानं भास होत असतील, रुपरावला ऊन लागलं असेल, मशीनमध्ये दोरा मीच बदलला असेन. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. फक्त सगळी उत्तरं एकापुढे एक ठेवली की माझी मलाच पटत नव्हती.

आणि झालं काय, सगळं थांबलं. इंदूबाई पुन्हा तोंड फिरवून जायला लागली. मशीनमध्ये मी ओवला तोच दोरा राहू लागला. रविवारच्या दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा नसायचं. खसच्या ताटीतून पाणी टपकायचं, भिंतीवर पोपट, खिडकीत निळे पडदे, सगळं घर नटून बसलेलं, आणि त्यात मी. मला भीती वाटत होती, ती जात नव्हती. पण त्याहून वाईट काय होतं सांगू? मला तिची आठवण येत होती. जिला पाहिलं नाही, जिचा आवाज ऐकला नाही, त्या बाईवाचून मला करमत नव्हतं.

समोरच्या खोलीत माझी बंगई आहे. छताला टांगलेला सागवानी पाट, पितळी कड्या, दोन माणसं ऐसपैस बसतील अशी. साहेबाच्या बंगल्यातून आलेली, माझी सगळ्यात लाडकी वस्तू. मी एका टोकाला बसते आणि दुसरं टोक हलकं राहतं, म्हणून ती नेहमी जराशी तिरकी झुलते. तिच्याकडे पाहता पाहता मला युक्ती सुचली.

बंगईसारखा जड माल ताराचंद वखारीत आणत नसे. त्याला तो जागेवरचा माल म्हणायचा. विकणारानं घराची चाबी आणून त्याच्याकडे द्यायची आणि संध्याकाळपर्यंत वखारीतच बसायचं. घेणारा चाबी घेऊन त्या घरी जाणार. वाटलं तर माल उचलेल, वाटलं तर तिथेच ठेवेल, मर्जी त्याची. तोवर विकणारानं घराकडे फिरकायचं नाही. पूर्वी एका बाईनं विकलेल्या पाळण्याला अशी मिठी मारली होती म्हणे, की सोडवताना चार माणसं लागली. तेव्हापासून ही रीत पडली होती.

म्हणजे बंगई विकली की तिला माझ्या घरी यावंच लागणार होतं. आणि मी काही वखारीत बसून राहणार नव्हते. बोळातून सटकायचं, ती पोचते न पोचते तोच दारात हजर व्हायचं, आणि म्हणायचं, अवं तुम्ही होय, या, बसा, चहा घेतल्याशिवाय जाऊ देणार नाही. आदल्या दिवशी मी चिवडा केला. चांगल्या कपबशा पुसून बंगईजवळच्या तिपाईवर मांडल्या. आरशासमोर उभी राहून ते वाक्य म्हणून पाहिलं, आणि इतकी वर्षं हे वाक्य कोणाला म्हटलं नव्हतं म्हणून की काय, ते तोंडात नीट बसेना.

रविवारी मी चाबी ताराचंदच्या हातात दिली. तो म्हणाला, बाई, एकदा सौदा झाला की झाला, मग रडारड नाही. मी म्हटलं, मी काय लहान पोर आहे का? आणि माझ्या खणात जाऊन बसले.

बंगईचं नाव पुकारलं गेलं. पुरुषांनी हौसेनं आवाज दिले. वच्छला रुमाल घेऊन खांबाकडे गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आली ती सरळ माझ्या खणात. लिलावात तिला कधी बोलताना मी ऐकलं नव्हतं, तोंड उघडायचं ते कानापुरतंच. आता ती उघड बोलली.

"बाई, तिनं बोटं नाही मोजली. साराच पंजा धरला अन् सोडेच ना. मले वाटलं मी फिरून तुमच्याच खणात आली. हात तोच लागते वं."

मी तिला गप्प केलं. बंगई खांबाजवळ गेली, ताराचंदनं टेबलावर थाप मारली. मग त्यानं माझी चाबी वच्छलाच्या हातावर ठेवली. इतकी वर्षं मी जे केलं नव्हतं ते तेव्हा केलं. उठले आणि खांबाकडच्या बाजूच्या फटीला डोळा लावला. वच्छलाचा पाठमोरा पदर दिसला, तिचा पुढे केलेला तळवा दिसला. अंधारातून एक हात आला आणि त्यानं चाबी उचलली. डावा हात होता.

६

मी बोळातून बाहेर पडले. रुपरावची रिक्षा कुठे दिसेना, म्हणून पायीच निघाले. ऊन उतरलं होतं पण रस्ता अजून भाजत होता. वाटेत मला क्लासातली एक मुलगी आईबरोबर येताना दिसली. मी हसले. ती माझ्याकडे पाहत पाहत पुढे गेली आणि हसली नाही. पदर डोक्यावर होता, ओळखलं नसेल. मी पावलं उचलली. डोक्यात एकच होतं, ती बंगई उचलून निघून जायच्या आत पोचायचं.

गल्लीत आले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. माझ्या खिडकीत हिरवा उजेड होता.

तिथे मी थांबले. परत फिरावं असं पायांनी सांगितलं, आणि परत कुठे फिरणार? वखारीत? घर तर हेच होतं. जिना चढताना वरून कड्यांचा आवाज यायला लागला. कर्र, आणि मग गप्प, आणि पुन्हा कर्र. मी एकटी बसते तेव्हा बंगईचा आवाज असा येत नाही, एक कडी जास्त ओरडते. आता दोन्ही कड्या सारख्या वाजत होत्या. दोन्ही टोकांना वजन होतं.

माझ्या दाराशी इंदूबाईच्या चपला होत्या.

दार लावलेलं होतं, आतून कडी. माझ्या दाराच्या दोन फळ्यांत फट आहे, तिला मी कागद लावायचा म्हणते आणि राहून जातं. त्या फटीतून मी माझ्या घरात पाहिलं. हिरवा दिवा तिपाईवर होता. माझ्या कपबशा होत्या, वाटीत माझा चिवडा होता. बंगई मागे गेली की नुसती भिंत दिसायची, पुढे आली की इंदूबाईचे गुडघे, तिचा चिवडा खाणारा हात आणि शेजारी दुसऱ्या एका बाईची मांडी. मांडीवर काळं कापड. सुई वर येत होती, खाली जात होती. झोका थोडा मोठा झाला असता तर चेहरा दिसला असता. तो मोठा व्हायला लागला, तसे मी डोळे मिटून घेतले.

इंदूबाई बोलत होती. तिच्या सुनेचं गाऱ्हाणं, मुलाचं पत्र, गुडघ्याचं दुखणं. मग म्हणाली, सुमतीबाई, खरं सांगू का, तुमच्याशी बोललं की मन हलकं होते, आधी तुमचा धाकच वाटायचा. आणि त्यावर कोणीतरी हसलं. मनापासून, तोंडावर हात न ठेवता. तो आवाज माझा होता. असा हसलेला मी कधी ऐकला नव्हता.

मला राग यायला हवा होता. माझं घर, माझी बंगई, माझं नाव. राग आला नाही, हे मी कबूल करते. मला हेवा वाटला. रडू येईल इतका हेवा वाटला. मला काय हवं होतं? कोणीतरी त्या बंगईच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसावं, बस. ते आत चाललं होतं, आणि मी दाराच्या या बाजूला उभी होते. मला वाटलं, आत गेले तर आम्ही तिघी बसू. दोघींपुरती बंगई आहे, पण आवळून बसलं तर तिघी मावतील. मी अंग चोरून बसेन. तेवढंच माझ्या मनात होतं, दुसरं काही नव्हतं.

मी पदर सारखा केला आणि कडी वाजवली.

बंगई थांबली.

"दारावर कोनी आलं काय वं?" इंदूबाईनं विचारलं.

फटीतला उजेड झाकला गेला. पलीकडे कोणीतरी येऊन उभं राहिलं होतं, इतकं जवळ की पातळाच्या इस्त्रीचा वास मला आला. त्या बाजूनं फटीला डोळा लागला असावा. मी वर पाहिलं नाही. मी ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं, या, बसा, पण ते म्हणायचा हक्क कोणाचा हे मला कळेना, आणि शब्द बाहेर पडला नाही.

मग उजेड परत आला.

"नाही वं," माझा आवाज आतून म्हणाला. "कोणी नाही. तुम्ही चहा घ्या, थंड होऊन राहिला."

कपबशी वाजली, आणि बंगई पुन्हा सुरू झाली.